सीमेकचे आठ महिने आणि 'लिब' (lib) ही तीन अक्षरं

जिनिंगच्या वजनकाट्यावरचा आकडा सिरियल पोर्टमधून वाचणारी आमची एक छोटी सी++ लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) आहे, 'काटा' नावाची. तिघांची बिलिंग सॉफ्टवेअरं ती वापरतात. एकाचं व्हिज्युअल स्टुडिओत केलेलं, दुसऱ्याचं जुनं व्हीबी6 (व्हिज्युअल बेसिक), तिसऱ्याचं लिनक्सवर मेकफाईलनं बांधलेलं. विंडोजच्या नव्या मशीनचा खर्च नको म्हणून मी संभाजीनगरला घरच्या उबुंटू लिनक्सवरच सीमेक (सोर्सपासून लायब्ररी बांधून घेणारं बिल्ड टूल) आणि मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठी बांधणारा जीसीसी कंपायलर) लावून डीएलएल, म्हणजे विंडोजची लायब्ररी फाईल, बांधायला लागलो. पैसे वाचले, हे खरं.

ऐन सीझनमध्ये मानवतच्या जिनिंगमधून फोन आला. तिथं नेट टिकत नाही, म्हणून पहाटेची गाडी धरून मानवत रोडला उतरलो. फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग. मुनीमजी म्हणाले, "साहेब, काटा तर डोळ्यांसमोर हाय, अन् कम्प्युटर म्हणतो सापडंना."

स्क्रीनवर 'काटा.डीएलएल सापडत नाही' असा मेसेज होता. फोल्डरमध्ये फाईल होती, पण तिचं नाव 'लिबकाटा.डीएलएल'. मिनजीडब्ल्यूसोबत सीमेक लायब्ररीच्या नावापुढं आपणहून 'लिब' लावतं, एमएसव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत लावत नाही. प्रोग्राममध्ये मात्र डीएलएलचं नाव बांधतानाच कोरलेलं असतं. फाईलचं नाव बदललं, तर पुढचा मेसेज आला, एंट्री पॉइंट (डीएलएलमधलं हवं ते फंक्शन) सापडत नाही. शेवटी जुनी डीएलएल परत टाकली, काटा चालू झाला, ट्रॅक्टर हलले. शेतकरी रांगेत उभा असताना तीन अक्षरांपायी माप अडावं, याची मला आजही चीड आहे. एकच सोर्स, एकच बिल्ड फाईल, मग फाईलचं नाव दोन तऱ्हेचं का?

त्या रात्री सीमेक काढून टाकायचं ठरवलं होतं. दोन आठवड्यांनी मत बदललं. 'लिब'चा इलाज एका ओळीचा निघाला: टार्गेटची प्रीफिक्स प्रॉपर्टी रिकामी करायची. दुसऱ्या मेसेजचा दोष तर सीमेककडे नव्हताच. सी++ फंक्शनचं नाव जीसीसी अंडरस्कोअर-झेडनं सुरू करतं आणि एमएसव्हीसी प्रश्नचिन्हानं, मग ती एकमेकांना सापडणार कशी? शिवाय माझं फंक्शन एसटीडी-स्ट्रिंग (सी++ची मजकूर ठेवायची रचना) परत करत होतं. तिची आतली मांडणी दोन्हीकडे वेगळी, आणि एका रनटाइमनं (कंपायलरसोबतच्या आधार-लायब्ररीनं) घेतलेली मेमरी दुसऱ्यानं सोडायची म्हणजे क्रॅशच.

आता बाहेरचा सगळा चेहरा एक्स्टर्न सी आहे, म्हणजे फंक्शनची नावं साध्या सी भाषेच्या पद्धतीची. 'काटा_वाच' हे फंक्शन तीन गोष्टी घेतं: हँडल (उघडलेल्या काट्याची खूण), बोलावणाऱ्याचाच बफर (आकडा ठेवायची जागा) आणि त्याची लांबी. मेमरी ज्याची त्यानं सांभाळायची, एक्सेप्शन आतच पकडायचं, बाहेर फक्त एरर कोड. व्हीबी6 साठी 32 बिटची वेगळी बिल्ड आणि एसटीडीकॉल (फंक्शन बोलावण्याची विंडोजची एक पद्धत) लागतो. तिथं एमएसव्हीसी नावापुढं अंडरस्कोअर आणि मागं @12 लावतं, तर मिनजीडब्ल्यू नुसतं @12. हे 12 म्हणजे तीन आर्ग्युमेंटचे बारा बाइट. डेफ फाईलमध्ये (बाहेर दिसायच्या नावांच्या यादीत) साधी नावं लिहिली आणि हा घोळ मिटला. जीसीसीचे रनटाइम स्टॅटिक लिंक केले, त्यामुळे सोबत आणखी डीएलएल द्याव्या लागत नाहीत.

मन जिंकलं ते इन्स्टॉल-एक्सपोर्टनं, म्हणजे दुसऱ्याच्या बिल्डला लायब्ररी सापडावी या सीमेकच्या सोयीनं. एका पार्टीचा मुलगा सीमेकवर आला. फाइंड-पॅकेज लिहिलं आणि हेडर, लायब्ररी, सगळे रस्ते आपोआप लागले. त्याचा एकही फोन आला नाही. मेकफाईलवाल्यासाठी मात्र पीकेजी-कॉन्फिगची पीसी फाईल (लायब्ररी कुठं आहे ते सांगणारी) मला हातानं लिहावी लागली, ते काम सीमेकनं करायला हवं होतं. त्याची मशीन उबुंटू 20.04, माझी 22.04. इथं बांधलेली एसओ (लिनक्सवरची लायब्ररी फाईल) तिथं नवी जीएलआयबीसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) मागायला लागली, म्हणून आता ती 20.04 च्या कंटेनरमध्येच (माझ्याच मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त उबुंटूत) बांधतो.

पाचपैकी चार तारे. नवीन लायब्ररी सुरू केली की प्रीफिक्सची ती ओळ मी सगळ्यात आधी लिहितो, आणि डीएलएल पाठवायच्या आधी फाईलचं नाव मोठ्यानं वाचतो.