आडव्या प्रोजेक्टाइलची गणितं शिकवणारं ॲप: दोन महिने वापरलं, आता सांगतो

फॉर्म्युले सगळे पाठ होते माझे, पण टेबलावरून सुटलेला बॉल किंवा कड्यावरून आडवा फेकलेला दगड असलं गणित आलं की कुठला कुठे लावायचा याचा पत्ता नाही, म्हणून हे ॲप घेतलं. चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली.

सगळ्यात भारी म्हणजे हे ॲप आधी फॉर्म्युला लिहूच देत नाही. दोन कप्पे, एक्सचा (आडवा) आणि वायचा (उभा), दिलेला प्रत्येक आकडा कुठल्यातरी एका कप्प्यात टाकायचा आणि दोन्हीकडे सारखी चालणारी गोष्ट एकच, वेळ. मी सुरुवातीचा १५ मीटर/सेकंद वेग बिनधास्त वायमध्ये टाकायचो आणि ते लाल व्हायचं, कारण आडवं फेकलंय म्हणजे वायचा सुरुवातीचा वेग शून्य. पाच-सहा वेळा लाल झाल्यावर डोक्यात बसलं. मग २० मीटर उंची असेल तर वेळ फक्त उंचीवरून काढायचा, २h भागिले g चं वर्गमूळ (h म्हणजे उंची, g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), साधारण २ सेकंद, आणि त्याला १५ ने गुणलं की ३० मीटर लांब पडला, संपलं. उंची चौपट केली तरी वेळ दुप्पटच होतो हे स्लायडर सरकवून बघायला जाम मजा येते, वेग वाढवला तर वेळ हलतच नाही, बॉल फक्त लांब जातो.

गोटीचा प्रयोग पण आहे त्यात, तो करूनच बघा. ८० सेंटीमीटर उंच टेबलावरून गोटी आडवी घरंगळत सोडली, टेबलापासून ६० सेंटीमीटरवर पडली, म्हणजे वेग साधारण दीड मीटर/सेकंद, स्टॉपवॉच लागलंच नाही!

आता राग. एका गणितात g ९.८ धरतात, पुढच्यात १० आणि सांगत नाहीत, माझं ३०.३ चूक आणि त्यांचं ३० बरोबर, अरे काय हे. आणि जमिनीवर आपटतानाचा वेग विचारला तिथे त्यांच्या सोल्युशनमध्ये चक्क नुसता उभा वेग, १९.८. आडवे १५ काय हवेत विरले का, दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, २४.८ यायला हवं. कळवलंय, अजून तसंच आहे. हिंट पण फार लवकर येते, विचार करायच्या आधीच, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका.