माक्रोपुलोस प्रकरण : ३३७ वर्षांच्या तरुणीचे नाटक

चेक नाटककार कारेल चापेक यांचे ‘माक्रोपुलोस प्रकरण’ हे नाटक नोव्हेंबर १९२२ मध्ये प्राग येथे प्रथम रंगमंचावर आले. ज्यांच्या आधीच्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर पोहोचला, त्यांचीच ही विज्ञाननाट्यकृती असली, तरी तिच्यात एकही यंत्र नाही आणि प्रयोगशाळाही नाही. वारसाहक्काचा जवळपास शंभर वर्षे रेंगाळलेला खटला, वकिलाच्या कचेरीतली जुनी दप्तरे आणि पक्षकारांनाही ठाऊक नसलेले त्या खटल्यातले तपशील अचूक सांगणारी विख्यात गायिका एमिलिया मार्टी, एवढ्याच सामग्रीवर पहिला अंक उभा राहतो आणि रहस्यकथेच्या वेगाने पुढे सरकतो.

ते रहस्य उघड केल्याशिवाय या नाटकाविषयी महत्त्वाचे काही सांगता येत नाही. मार्टी ही मूळची क्रीट बेटावरची एलिना माक्रोपुलोस. सोळाव्या-सतराव्या शतकात प्रागहून राज्य करणारा सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्यासाठी तिच्या वैद्य वडिलांनी चिरयौवनाचे रसायन सिद्ध केले आणि सम्राटाने ते आधी त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीवर आजमावायला लावले. ययातीच्या कथेत बाप मुलाचे तारुण्य मागून घेतो. इथे बापाच्या हातून मुलीवर तारुण्य लादले जाते. पुरूने होकार तरी दिला होता, एलिनाला कोणी विचारलेच नाही. तीनशे वर्षांचा तो अंमल आता संपत आला आहे आणि रसायनाची कृती लिहिलेला कागद मिळवण्यासाठी ती या खटल्यात शिरली आहे.

वार्धक्य म्हणजे शरीराने स्वतःलाच केलेली विषबाधा, या रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांच्या सिद्धांतातून ही कल्पना सुचल्याचे चापेक यांनी नमूद केले आहे. नाटकात मात्र ते या शास्त्राच्या चर्चेत अडकत नाहीत. माणूस तीनशे वर्षे जगला तर त्याच्या मनाचे काय होईल, हा एकच प्रश्न ते शेवटपर्यंत लावून धरतात, आणि माझ्या मते विज्ञाननाट्याची खरी कसोटी हीच आहे. मार्टीचे गाणे निर्दोष आहे. पण गाणे आणि गप्प राहणे तिला सारखेच वाटते. तिच्यावर जीव टाकणारा कोवळा यानेक आत्महत्या करतो, तेव्हाही तिच्या मनावर ओरखडा उमटत नाही.

दुसऱ्या अंकात, प्रयोग संपून रिकाम्या झालेल्या रंगमंचावर, हाउक नावाचा भ्रमिष्ट म्हातारा तिला भेटतो. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, वेगळ्या नावाने वावरणाऱ्या याच स्त्रीवर त्याने प्रेम केले होते. इतर सगळ्यांशी तुटकपणे वागणारी मार्टी त्याच्याशी मात्र मायेने बोलते. एकाच काळात प्रेमात पडलेली दोन माणसे, एक जराजर्जर आणि दुसरी तशीच तरुण, समोरासमोर उभी राहतात, तेव्हा वय हा शब्दही न उच्चारता सारा विषय डोळ्यांपुढे येतो. संपूर्ण नाटकातला हा सर्वोत्तम प्रसंग आहे.

शेवटच्या भागाविषयी माझी तक्रार आहे. रसायन सर्वांना द्यावे, मोजक्या समर्थांनाच द्यावे की कोणालाच देऊ नये, यावर पात्रे आळीपाळीने भाषणे करतात आणि नाट्य थबकते. शेवटी तो कागद क्रिस्टिना ही तरुण गायिका जाळते. ज्या मुलीपुढे सारे आयुष्य पडले आहे, तिच्याच हातून हे घडावे, ही निवड मात्र फार नेमकी आहे. चेक संगीतकार यानाचेक यांनी याच नाटकावरून रचलेल्या आणि १९२६ मध्ये रंगमंचावर आलेल्या संगीतिकेत (ऑपेरात) नायिका अखेरीस मरते. तो शेवट अधिक हृद्य असला, तरी मूळ नाटकाचा कोरडेपणा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

हे नाटक करू इच्छिणाऱ्यांनी मार्टीचे वय रंगभूषेने दाखवण्याच्या फंदात पडू नये; ते अभिनेत्रीच्या स्वरातल्या आणि नजरेतल्या थकव्यातूनच दिसायला हवे. अखेरची चर्चा थोडी कातरली तरी चालेल, हाउकच्या प्रसंगातले मात्र एकही वाक्य गाळू नये.