टीझर की पूर्ण ट्रेलर?

मोठा सिनेमा येणार म्हटलं की मी टीझर हमखास बघतो, पूर्ण ट्रेलर मात्र शक्यतो टाळतो. टीझर मिनिटभराचा. तो गोष्ट सांगत नाही, वातावरण उभं करतो. १९७९ च्या 'एलियन'चा ट्रेलर नावाला ट्रेलर, पण जातकुळी टीझरची. एक अंडं, त्याला जाणारा तडा, कोणाच्या तोंडी एक संवाद नाही, आणि अंगावर काटा आणणारा तो किंकाळीसारखा आवाज. राक्षस दिसतच नाही, तरी भीती बसते ती बसतेच.

पूर्ण ट्रेलर साधारण अडीच मिनिटांचा. कथा, पात्रं, नट कळतात. तिकिटाचे पैसे टाकण्याआधी अंदाज घ्यायचा तर तोच उपयोगी, हे मान्य. पण २००० साली 'कास्ट अवे'च्या ट्रेलरने नायक बेटावरून सुटून घरी परततो हेही दाखवून टाकलं होतं! तो सुटेल का, ही धाकधूकच गेली. मला याचा खरंच राग येतो. नव्या दिग्दर्शकाचा सिनेमा असेल तर मी ट्रेलर बघतो, तोही निम्म्यावर बंद करतो. आवडत्या दिग्दर्शकासाठी टीझर पुरे.