हॅवलॉक की कडमत? स्कुबासाठी कुठे जावं
पाच-सहा दिवस फक्त डायव्हिंगच करायचंय आणि ओपन वॉटर कोर्सपण (स्कुबाचा पहिला, प्रमाणपत्राचा कोर्स) तिथंच उरकायचा असेल तर सरळ अंदमानचं हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) गाठा, पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) फेरी आहे, डाइव्ह शॉप्स भरपूर, आणि डिक्सन्स पिनॅकलसारखी साइट, पण ती खोल आहे, नवख्यांनी उगाच हट्ट करू नये. लक्षद्वीपचं कडमत म्हणजे वेगळंच प्रकरण: आधी परमिट, मग कोचीहून अगत्तीचं विमान, पुढे बोट, हवा बिघडली की सगळं लटकलं. दारू नाही (काहींचा प्रवास इथेच संपतो!). पण गर्दी कमी आणि प्रवाळाचं लगून (प्रवाळाच्या कड्यानं अडवलेलं उथळ, शांत पाणी), म्हणून माझं मत कडमतलाच. कुठेही जा, शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नका.