फॉर्ममधली तारीख पुसायची सोय: चेकबॉक्स, कोरा फॉरमॅट की साधा मास्कवाला बॉक्स?

विनफॉर्म्सवर (विंडोजचे फॉर्म बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय) एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं ॲप करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोवतंच. 'नोकरी सोडल्याची तारीख' असं फील्ड असतं, माणूस अजून कामावर असेल तर ते रिकामं हवं, आणि डेटटाइमपिकर (तारीख निवडायचा तयार बॉक्स) काही रिकामा राहायला तयार नसतो. त्याच्या व्हॅल्यूत नल, म्हणजे 'काहीच नाही', बसतच नाही. डेटटाइमची मिनव्हॅल्यू (सगळ्यात लहान तारीख) टाकून बघाल तर एरर, कारण हा पिकर १ जानेवारी १७५३ च्या मागे जात नाही (सर्व्हरचा जुना डेटटाइम टाइपही तिथूनच सुरू होतो, इंग्लंडने १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं त्याची ही कृपा).

सगळ्यात कमी कोड पिकरच्या शोचेकबॉक्स या प्रॉपर्टीला लागतो. ट्रू केलं की तारखेशेजारी टिक येते, टिक काढली की सेव्ह करताना चेक्ड (टिक आहे की नाही) बघून डीबीनल, म्हणजे डेटाबेसचा नल, पाठवायचं, झालं. पण टिक काढली तरी जुनी तारीख पुसट दिसत राहते आणि एंट्री करणाऱ्याला वाटतं अजून आहेच की ती. शिवाय व्हॅल्यू विचारली तर ती जुनीच तारीख मिळते, म्हणजे एका ठिकाणी जरी चेक्ड बघायचं राहिलं तरी चुकीची तारीख गुपचूप टेबलात.

कोऱ्या फॉरमॅटची युक्ती दिसायला छान. डिलीट दाबलं की कस्टमफॉरमॅटला (तारीख कशी दाखवायची ते ठरवणारी प्रॉपर्टी) एक स्पेस द्यायची, बॉक्स खरंच रिकामा दिसतो. गोची अशी की आत तारीख असतेच, आणि युजरने परत नेमकी तीच निवडली तर व्हॅल्यूचेंज्ड (तारीख बदलल्याचा इव्हेंट) फायरच होत नाही, बॉक्स कोराच राहतो आणि तो बिचारा क्लिक करत बसतो, म्हणून क्लोजअप हा कॅलेंडर मिटल्याचा इव्हेंटही पकडावा लागतो. शेजारी 'पुसा' असं छोटं बटण ठेवा, नाहीतर डिलीट चालतं हे कळणार कुणाला?

मला विचाराल तर दिवसभर कीबोर्डवर एंट्री करणारी माणसं असतील तर मास्क्डटेक्स्टबॉक्सच घ्या, म्हणजे ठरलेल्या साच्यात (मास्कमध्ये) आकडे टाइप करायचा साधा बॉक्स. खोडायचं कसं ते कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त व्हॅलिडेशनमध्ये रिकामा मास्क आधी सोडून द्या, नाहीतर तो चुकीची तारीख समजून कर्सर अडकवून ठेवतो, आणि दिवस आधी की महिना आधी हे कोडमध्ये पक्कं करा, मशीनच्या सेटिंगवर सोडू नका. फॉर्मवर एखादीच तारीख असेल आणि माउसवालेच युजर असतील तर चेकबॉक्स पुरतो, उगाच कशाला डोकं लावा.

काहीही निवडलं तरी रिकामी स्ट्रिंग तशीच डेटाबेसकडे ढकलू नका. एसक्यूएल सर्व्हर तिची १ जानेवारी १९०० करतो, पोस्टग्रेस सरळ एरर देतो, ओरॅकल मात्र तिला नलच मानतो. १९०० वाली भानगड जास्त वाईट, कारण एरर येत नाही आणि 'इज नल' लावून काढलेल्या रिपोर्टमधून कामावरची माणसं गायब होतात.