गिट वर्कट्री: जुनी रिलीज सांभाळणाऱ्यांनी वापरून बघाच

५ पैकी ४.५ स्टार. वर्षभर रोज वापरल्यावर देतोय. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि वर्कट्री ही त्यातली सोय, एकाच प्रोजेक्टच्या वेगवेगळ्या ब्रांच (कामाच्या वेगळ्या शाखा) वेगळ्या फोल्डरांत एकदम उघड्या ठेवायची.

आम्ही बेळगावची चार पोरं मिळून दूध डेअरीसाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकलं की दर लागतो आणि पावती निघते, मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण, कारण आमच्याकडं एकाच गावात सभासद दोन्ही भाषेतले. निपाणी-चिकोडीकडच्या डेअऱ्यांत १.४ व्हर्जन चालू हाय आणि आम्ही मेन ब्रांचवर २.० चं काम काढलंय, अख्खा डेटाबेस उचकटून ठेवलेला. अशात सकाळी सहालाच एका सेक्रेटरींचा फोन, "दादा, कन्नड नाव आलं की लिटरच्या जागी फॅट छापायलंय की वो, लोक भांडायलेत." चूक आमचीच, रकान्याची रुंदी आम्ही युनिकोडची चिन्हं मोजून धरलेली आणि कन्नड जोडाक्षर दिसायला एक असलं तरी आत दोन-तीन चिन्हं असतात, त्यामुळं पुढचे आकडे सरकले.

पूर्वी असं झालं की आम्ही अर्धवट काम स्टॅश करायचो (तात्पुरतं बाजूला ठेवायचो), ब्रांच बदलायचो, फिक्स करून परत यायचो आणि स्टॅश पॉप केला (परत काढला) की कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदल एकमेकांत अडकायचे. एकदा तर घाईत चुकीचा स्टॅश ड्रॉप झाला आणि दोन दिवसांचं काम शोधत बसलो. वर्कट्रीत ते सगळं बंद. 'गिट वर्कट्री ॲड', पुढं फोल्डरचं नाव, पुढं ब्रांच, एवढं टाकलं की शेजारी दुसरं फोल्डर तयार, त्यात १.४ ची रिलीज ब्रांच उघडी आणि आपलं २.० चं काम जिथल्या तिथं. परत क्लोन (अख्ख्या प्रोजेक्टची नवी कॉपी) करावं लागत नाही, हिस्टरी दोघांची एकच, त्यामुळं डेटा पण वाचतो डिस्क पण. त्या दिवशी सकाळचं संकलन संपेपर्यंत १.४.३ गेलं, संध्याकाळच्या पावत्या नीट.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे यानं शिस्त लागली. गिटच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की फिक्स आधी सगळ्यात जुन्या सपोर्टेड ब्रांचवर करा आणि तिथनं वरच्या नव्या ब्रांचांत मर्ज करा (मिसळा), आम्ही मात्र उलटं करायचो, मेनवर फिक्स करून खाली चेरी-पिक (तेवढाच बदल उचलून आणणं), आणि कुठला फिक्स खाली गेला कुठला राहिला याचा हिशोबच लागायचा नाही. आता जुन्या रिलीजचं फोल्डर कायम उघडं, मग हात आपोआप तिकडं आधी जातो. टॅगबद्दल एक सांगतो, रिलीजला नेहमी ॲनोटेटेड टॅग (त्या व्हर्जनवर नाव-तारखेसकट लावलेली खूण) मारा, कुणी कधी मारला ते राहतं, आणि साधा पुश केला (कोड सर्व्हरवर पाठवला) म्हणजे टॅग गेला असं धरू नका, तो वेगळा पुश करावा लागतो.

आता कमी काय. एकच ब्रांच दोन फोल्डरांत सहज उघडता येत नाही, पण ते बरोबरच हाय, नाहीतर कुठल्या फोल्डरात काय बदललं तेच कळायचं नाही. गिट-इग्नोरमधल्या (गिटनं नोंदवायच्या नाहीत अशा) फायली नवीन फोल्डरात येत नाहीत, म्हणजे डिपेंडन्सी (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्या) परत इन्स्टॉल करा, कॉन्फिग परत ठेवा, पावसाळ्यात खानापूरकडं लाईट आणि नेट दोन्ही जातंय तेव्हा हे जड जातं. फोल्डर हातानं डिलीट करू नका, 'वर्कट्री रिमूव्ह' वापरा, आणि चुकून केलंच तर 'वर्कट्री प्रून', त्यानं मागं उरलेली नोंद साफ होते. सबमॉड्यूल (प्रोजेक्टच्या आत ठेवलेला दुसरा गिट प्रोजेक्ट) असलेल्या प्रोजेक्टला सपोर्ट अजून अपुरा हाय, डॉक्युमेंटेशनमध्ये तेच सांगितलंय, आणि माझा अर्धा स्टार तिथंच कापला.

वेगळं काही बसवायला लागत नाही, जुलै २०१५ च्या २.५ व्हर्जनपासनं गिटमध्येच आलेलं हाय.