बाहेर न्यायचा कॉफीचा संच: दिवाळी ते मे, नागपुरातल्या वापरानंतर

संचात आहे ते असं: स्टीलचा मोठा फिल्टर, डिकॉक्शनसाठी (म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीच्या दाट अर्कासाठी) अर्ध्या लिटरची घट्ट झाकणाची स्टीलची बाटली, एक लिटरचा थर्मास, गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी एका बर्नरची शेगडी, दीड लिटरचं जाड बुडाचं पातेलं आणि स्टीलचे पेले. घरच्यांबरोबर किंवा मित्रमंडळींबरोबर बाहेर खायला जायचं म्हटलं की हाच संच, दिवाळीपासून मे संपेपर्यंत. रोडग्यांची (निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) पार्टी, हुरडा, खिंडसी तलावाच्या काठावरचे डबे, शेतावरची दुपार, अंबाझरीकडची सकाळ, हे सगळं त्यात आलं.

निष्कर्ष आधीच सांगायचा तर, कॉफी घरून मिसळून नेऊ नये आणि तिथे जाऊन गाळतही बसू नये. डिकॉक्शन घरून गार न्यावं, दूध तिथे उकळावं, आणि दोन्ही पेल्यातच एकत्र करावं. एवढं पाळलं तर शेतातल्या बांधावरही चांगल्या दाक्षिणात्य हॉटेलाच्या तोडीची कॉफी मिळते. हे पाळलं नाही तर संच कितीही महागाचा घ्या, कॉफी कळकट लागणार.

डिकॉक्शनचा हिशोब पक्का करून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. एका पेल्याला १२० मिली धरा: ३० मिली डिकॉक्शन आणि ९० मिली दूध. आठ जणांना २४० मिली डिकॉक्शन आणि ७२० मिली दूध लागतं. कॉफीची पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते आणि ते परत देत नाही. म्हणून ६० ग्रॅम पुडीवर ३६० मिली पाणी घातलं तर १२० मिली पुडीतच राहतं आणि २४० मिली खाली उतरतं. बरेच जण २४० मिली हवं म्हणून २४० मिलीच पाणी घालतात आणि निम्मंच हाती लागतं. मग उरलेलं भरून काढायला दुसऱ्यांदा पाणी ओततात. ते दुसरं पाणी पातळ आणि कडवट असतं. घरी एकट्यासाठी चालेल, पाहुण्यांसाठी नाही.

फिल्टर रात्री दहाच्या सुमारास लावावा. वरच्या भांड्यात पूड घालून भांडं हलकेच ठोकावं म्हणजे पूड सपाट बसते. दांडीची चकती वर ठेवून फक्त टेकवावी, दाबू नये. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून आधी २०० मिली गोलगोल फिरवत ओतावं, ते खाली गेलं की उरलेलं १६०. वर झाकण. सकाळी डिकॉक्शन तयार असतं.

बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. चकती जोरात दाबली, त्यात पुडीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त असली, तर चिकोरी फुगून चिकट होते आणि भोकं बुजतात. सकाळी पाहावं तर पाणी वरच उभं. अशा वेळी चकती काढून चमच्याने वरचा थर हलकासा मोकळा करावा, तळापर्यंत ढवळू नये, नाहीतर गाळ खाली येतो. दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही. वरचं भांडं खालच्यात फार घट्ट बसलं की खाली हवा कोंडते, आणि त्या हवेला वाट नसल्याने थेंब पडायचे थांबतात. वरचं भांडं बोटभर उचलून परत सैलसर ठेवा, लगेच धार सुरू होते. नव्या फिल्टरमध्ये हे हमखास होतं.

उलट पाणी पाचच मिनिटांत खाली उतरलं तर पूड जाड दळलेली आहे किंवा चकती नीट टेकलेली नाही. ते डिकॉक्शन चहासारखं पातळ दिसतं आणि दुधात हरवतं.

पूड घेताना पाकिटावरचं प्रमाण वाचा. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असणं आणि प्रमाण पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बाहेर न्यायला ७०:३० (कॉफी ७०, चिकोरी ३०) उत्तम. चिकोरीमुळे रंग आणि दाटपणा येतो, आणि रात्री काढलेलं डिकॉक्शन दुसऱ्या दिवशी दुपारीही दुधात उठून दिसतं. ८०:२० ला वास छान, पण तो बारा तासांत बराच उतरतो. निव्वळ कॉफी घरीच प्यावी, ताजी. विदर्भात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. तिकडे जाणं झालं तर तिथली पूड जरूर आणा, पण तिच्यात चिकोरी नसेल तर पुडीचं प्रमाण वाढवावं लागेल.

पाण्याचाही फरक पडतो. नागपूरच्या नळाला येणारं पेंच-कन्हान नद्यांचं पाणी चांगलं चालतं. बोअरच्या जड पाण्यात कॉफीचा आंबूस तजेला मरतो, चव सपाट होते आणि फिल्टरच्या भोकांभोवती पांढरा थर धरतो.

आता थर्मास. दुधाची कॉफी थर्मासमध्ये भरून नेणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि ती सोडलेली बरी. दूध तासनतास गरम राहिलं की त्याला उकळलेला, जडसर वास येतो, साय झाकणाच्या रबराला चिकटते आणि तो वास पुढे महिनाभर जात नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे थर्मास हळूहळू ६० अंशांच्या खाली आला की दुधात जंतू वाढायला लागतात. उकळल्यावरही काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात, त्यामुळे 'उकळून भरलं होतं' याने काम भागत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा धोका घेऊच नये. नुसतं डिकॉक्शन गरम ठेवणंही वाईट. त्यातली आम्लं फुटत जातात आणि चव आंबट-कडू होते.

डिकॉक्शन गार असलं तर कॉफी गार होईल, ही शंका प्रत्येकाला येते. हिशोब बघा: पेल्यात ९० अंशांचं ९० मिली दूध आणि २५ अंशांचं ३० मिली डिकॉक्शन, मिळून जवळपास ७४ अंश. जानेवारीच्या सकाळी डिकॉक्शन ११ अंशांवर असलं तरी ७० च्या आसपास. तोंड न भाजता प्यायला ६० ते ६५ अंश लागतात, म्हणजे उलट दोन मिनिटं थांबावंच लागतं. पेले गार असतील तर मात्र पाच-सहा अंश तिथेच जातात, म्हणून थर्मासमधल्या गरम पाण्याने पेले आधी विसळावेत.

थर्मासचं खरं काम हेच: गरम पाणी. पेले विसळायला, कोणाला काळी कॉफी हवी असेल तर तिच्यासाठी, आणि शेगडी चालत नाही तिथे दूध पावडरीसाठी. भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवायचं, ते ओतून टाकायचं आणि मग गळ्यापर्यंत भरायचं. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. नवा घेताना एक परीक्षा करा: उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग कोमट लागलं तर आतली निर्वात पोकळी गेलेली आहे, तो परत करा. पडल्यावर पोचा आला असेल तेव्हाही हीच परीक्षा.

दुधाबद्दल थोडक्यात. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३. कॉफीला फुल क्रीमच घ्यावं, आणि त्यात पाणी घालू नये. हिवाळ्यात पिशवी साध्या थैलीत दोन-तीन तास टिकते. मार्चपासून एकतर बर्फाच्या पेटीत न्यावी, नाहीतर टेट्रा पॅक घ्यावा. तो फोडेपर्यंत बाहेर टिकतो. चव थोडी उकळलेली लागते, पण ७०:३० च्या डिकॉक्शनमध्ये ती जाणवत नाही.

शेगडीवर सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं आहे, कारण तिच्यात धोका आहे. डबा बसवताना त्याच्या कडेवरची खाच वरच्या बाजूला यायला हवी. खाच वर असली की डब्यातून वायू येतो. ती खाली गेली तर द्रव गॅस येतो आणि ज्योत फूटभर उसळते. पातेलं बर्नरपेक्षा फार मोठं नको. पसरट तवा किंवा कढई डब्याच्या कप्प्यावर आली की उष्णता खाली परतते, डबा तापतो आणि फुटू शकतो. म्हणूनच संचात दीड लिटरचंच पातेलं आहे. भजी तळायचा मोह या शेगडीवर टाळावा.

वारा नसेल तर पाऊण लिटर दूध सहा-सात मिनिटांत वर येतं. एका डब्यात साधारण २२० ते २३० ग्रॅम गॅस असतो आणि एवढं दूध दहा-बारा वेळा सहज उकळतं. मोकळ्या रानात वारा सुटला की हाच आकडा निम्म्यावर येतो. आडोसा तीन बाजूंनी करावा, चौथी बाजू डब्याकडची, ती उघडी ठेवावी.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं किमान तापमान दहाच्या खाली जातं. तेव्हा पहाटे ज्योत मिणमिणते. यात शेगडीचा दोष नाही. ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली उकळतो, आणि गॅस बाहेर पडताना डबा आणखी गार होत जातो. डबा आदल्या रात्री घरात ठेवावा, नेताना शालीत गुंडाळावा. आगीने किंवा गरम पाण्याने शेकू नये. प्रोपेन मिसळलेला डबा मिळाला तर हा त्रास कमी होतो. मे महिन्यात गोष्ट उलटी. डब्यावर ५० अंशांपुढे नेऊ नका असं छापलेलं असतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान त्याच्याही वर जातं. डबा गाडीत विसरायचा नाही. मे महिन्यात शेगडी घरी ठेवणंच आम्हाला पटलं.

जंगलाच्या हद्दीत शेगडी अजिबात काढू नये. राखीव वनात आग पेटवण्यावर १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार बंदी आहे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम असतो. पेंचच्या जंगलाकडे जाताना थर्मासचं गरम पाणी आणि दूध पावडर पुरे. शहरातल्या बागांतही तेच.

कॉफीबरोबर काय खायचं, यावर घराघरात मतं वेगळी असतील, पण काही गोष्टी वापरातून पक्क्या झाल्या. तर्री पोहे आणि कॉफी एकत्र नकोत. हरभऱ्याच्या तर्रीचा तिखटपणा आणि गरम मसाला कॉफीचा वास पुरता झाकतो. दुधाने जीभ निवते, पण कॉफी प्यायल्याचं समाधान मिळत नाही. पोहे खाऊन वीस मिनिटं थांबावं. आलूबोंडा तर्रीशिवाय, नुसता, चांगला जातो. सगळ्यात उत्तम जोडी सांबारवडीची: खोबरं-खसखशीचं सारण, भरपूर सांबार (म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर), वरून कुरकुरीत. फक्त ती गरम असताना डब्यात बंद करू नका. वाफेने पारी मऊ पडते आणि तिथे पोचेपर्यंत वडी लोळागोळा होते. खाली कागद, झाकण अर्धवट, पूर्ण गार झाल्यावरच बंद.

रोडग्यांच्या पार्टीत कॉफीची वेळ अगदी ठरलेली आहे. आठ जणांना सव्वा ते दीड किलो जाडसर कणीक, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायला पाऊण ते एक तास. गोवऱ्या आधी पेटून धूर गेला पाहिजे, तो वेळ वेगळा. निखाऱ्यात रोडगे पुरले, वांग्याची भाजी चुलीवर रटरटतेय, वरण झालंय, आणि आता फक्त वाट बघायची. कॉफी तेव्हा. जेवणानंतर नाही, कारण तुपात बुडवलेल्या रोडग्यानंतर कोणालाच दूध नको असतं. दुधावर लक्ष ठेवायला एक माणूस बसवावा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच कमी, साय मधोमध फुगली की पातेलं उचलायचं. प्रत्येक पेल्यात आधी साखर, मग डिकॉक्शन, ते ढवळून साखर विरघळवायची आणि वरून दूध उंचावरून ओतायचं. फेस त्यानेच येतो, वेगळ्या यंत्राची गरज नाही.

संत्री कॉफीच्या आधी खाऊ नयेत, तोंड आंबट होऊन दुधाची कॉफी फाटल्यासारखी लागते. उन्हाळ्यात मात्र संत्र्याचा वेगळा उपयोग आहे. पेल्यात बर्फ, १०० मिली गाळलेला संत्र्याचा रस, वरून हळूच ३० मिली गार डिकॉक्शन, तेही बिनचिकोरीचं. चिकोरी असली तर रस काढ्यासारखा लागतो. दुधाचा थेंबही नको, आंबट रसाने ते तत्काळ नासतं. मृग बहाराची संत्री एप्रिलपर्यंत मिळतात, तेवढ्या काळात हे करून घ्यावं.

आता इतक्या महिन्यांनी काय झिजलं ते. शेगडीचं चटकन पेटणारं बटण हिवाळ्याच्या दवातच बंद पडलं. ज्योत उत्तम आहे, पण काडेपेटी बरोबर लागते. थर्मासच्या झाकणाचं रबर सैल झालं. दुकानातून त्याच मापाचं जादाचं घेऊन ठेवा, मागाहून शोधणं अवघड जातं. फिल्टरला काहीही झालेलं नाही. भोकांतला थर काढायला अर्धा लिटर गरम पाण्यात चमचाभर लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) टाकून तासभर ठेवायचं आणि टोकदार ब्रशने पालथ्या बाजूने घासायचं. पितळेच्या कल्हईच्या फिल्टरला मात्र लिंबूफूल लावू नये. थर्मासला वास धरला असेल तर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर उघडाच ठेवावा. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला शेगडीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावं. आले तर ती दुरुस्तीला टाकायची, वापरायची नाही.

सगळा संच एकदम घ्यायची गरज नाही. आधी फिल्टर आणि घट्ट झाकणाची बाटली घ्या. नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानांत फिल्टर हातात घेऊन उजेडाकडे धरून बघता येतो: भोकं सारखी आणि बारीक हवीत, कडेला एखादं मोठं दिसलं तर दुसरा मागा. शेतावर किंवा कोणाच्या वाड्यात जाणार असाल तर तिथे चूल असतेच, त्यावर दूध तापतं. शेगडी घ्यायची ती हिवाळा तोंडावर आल्यावर, आणि मोकळ्या जागी खरोखर जाणं होत असेल तरच.